एअरबॅगमधली चिप आणि करारावरचा पंजा: फोनमधल्या दोन सेन्सरांची पार्श्वभूमी

फोन टेबलावर सपाट ठेवा आणि सेन्सरचे आकडे दाखवणारं एखादं ॲप उघडा. फोन तसूभरही हलत नसतो, तरी त्वरणाच्या रकान्यात एका अक्षापुढे ९.८ च्या आसपासचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतका, आकडा दिसतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सेन्सर बिघडलाय असंच वाटलं होतं. तो बिघडलेला नसतो. टेबलाने फोनला दिलेला आधार तो मोजत असतो. तोच फोन हातातून सुटला, तर खाली पोचेपर्यंतच्या त्या अर्ध्या सेकंदात हा आकडा शून्याजवळ जातो. म्हणजे सेन्सरच्या लेखी पडणारी वस्तू निर्भार आणि नुसती पडून राहिलेली वस्तू भार सोसणारी. हे एकदा डोक्यात बसलं की फोन उभा धरलाय की आडवा हे त्याला कसं कळतं, ते वेगळं सांगावं लागत नाही. ९.८ कोणत्या अक्षावर आला एवढंच तो बघतो.

आज आपण हालचाल टिपणाऱ्या या सेन्सरकडून पावलं मोजून घेतो, झोप तपासतो, फोन पालथा घालून रिंग बंद करतो. शेजारीच बोटाचा ठसा ओळखणारा दुसरा सेन्सर असतो आणि त्याच्याकडे मात्र आपण जवळजवळ एकच काम दिलंय, कुलूप उघडायचं. एकाच खोक्यात राहणाऱ्या या दोघांच्या वाट्याला इतकी वेगळी कामं का आली, याचं उत्तर त्यांच्या इतिहासात आहे.

हालचाल टिपणाऱ्या सेन्सरचं, म्हणजे ॲक्सेलरोमीटरचं, मूळ फोनमध्ये नाहीच. चिपच्या आत सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा लवचीक पट्ट्यांवर टांगलेला असतो. त्याला कंगव्यासारखे दात असतात आणि ते स्थिर दातांच्या मधोमध बसलेले असतात. धक्का बसला की तुकडा किंचित सरकतो, दातांमधलं अंतर बदलतं आणि त्याबरोबर त्यांचा कपॅसिटन्स, म्हणजे विजेचा भार धरून ठेवायची क्षमता बदलते. हा बदल अतिशय बारीक असतो, पण मोजता येतो. सिलिकॉनचा असा त्वरणमापक करता येतो हे स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉयलन्स आणि एंजेल यांनी १९७९ मध्ये दाखवलं. कंगव्याच्या दातांची रचना त्यानंतरची; त्यांचा सेन्सर वाकणाऱ्या सिलिकॉनच्या विद्युतरोधातला बदल मोजायचा.

पण प्रयोगशाळेतून ही गोष्ट बाहेर काढली ती मोटारीने. धडक झाल्यावर एअरबॅग फुगवायची की नाही, हा निर्णय काही मिलिसेकंदांत घ्यावा लागतो. आधी त्यासाठी नळीत अडकवलेल्या धातूच्या गोळीसारखे यांत्रिक सेन्सर गाडीत ठिकठिकाणी बसवत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲनालॉग डिव्हायसेस या कंपनीने एडीएक्सएल५० नावाची चिप आणली. गुरुत्वाकर्षणाच्या पन्नासपट धक्क्यापर्यंत मोजणारा सेन्सर आणि त्याचं इलेक्ट्रॉनिक्स, दोन्ही सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर. गाड्या लाखांनी बनतात, त्यामुळे चिपाही लाखांनी बनू लागल्या आणि स्वस्त झाल्या. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. फोनमधल्या सेन्सरचा विकासखर्च फोन घेणाऱ्यांच्या आधी गाडी घेणाऱ्यांनी उचलला होता.

मग तो इतर वस्तूंमध्ये शिरला. २००३ मध्ये आयबीएमने थिंकपॅड लॅपटॉपमध्ये तो हार्ड डिस्क वाचवायला बसवला. मीटरभर उंचीवरून खाली यायला सुमारे ०.४५ सेकंद लागतो, तेवढ्यात डिस्कचं नाजूक टोक बाजूला घेता येतं. २००६ मध्ये निन्टेंडोच्या वी या खेळयंत्राचा रिमोट हवेत फिरवून लोक टेनिस खेळू लागले. त्याच वर्षी आलेला नोकियाचा ५५०० स्पोर्ट हा फोन पावलं मोजायचा. पावलं मोजण्याचं वेडही फोनआधीचं आहे. जपानमध्ये १९६५ मध्ये ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक, या नावाचं कमरेला लावायचं यंत्र विकायला आलं आणि तो गोल आकडा आजही आपल्या फोनवर ठाण मांडून आहे.

२००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये ॲक्सेलरोमीटरला दिलेलं काम अगदी साधं होतं. फोन आडवा केला की चित्र आडवं करायचं. खरी कलाटणी त्यानंतरच्या वर्षी मिळाली. २००८ मध्ये ॲपलने बाहेरच्या प्रोग्रामरांसाठी दार उघडलं, अँड्रॉइडचा पहिला फोनही त्याच वर्षी आला, आणि दोन्हीकडे सेन्सरचे कच्चे आकडे कोणत्याही ॲपला मिळू लागले. वापरणाऱ्याची परवानगीसुद्धा विचारायची नव्हती. सेन्सर करणाऱ्यांच्या मनातही नसलेले उपयोग मग भराभर निघाले. २००९ मध्ये ‘बम्प’ नावाच्या ॲपने दोन फोन एकमेकांवर आपटून नंबरांची देवघेव करायची सोय केली. गादीवर ठेवलेला फोन कूस बदलणं टिपून गाढ झोप नसताना उठवू लागला. भिंतीवर चित्र सरळ लागलंय का हे बघायला फोनच पाणसळ झाला.

त्यात २०१० मध्ये जायरोस्कोपची, म्हणजे फोनचं वळणं मोजणाऱ्या सेन्सरची, भर पडली. हे नाव लिआँ फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये पृथ्वीचं फिरणं दाखवणाऱ्या आपल्या यंत्राला दिलं. त्याच्या यंत्रात जड चाक गरगरत असे. फोनमधल्या चिपमध्ये चाक नाही, सतत थरथरणारा सिलिकॉनचा तुकडा आहे. फोन वळला की ती थरथर बाजूला ढकलली जाते, आणि तिला ढकलणारा परिणाम कोरिऑलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३५ मध्येच मांडून ठेवला होता. हा सेन्सरही मोटारीत, गाडी घसरू लागली तर ती सावरणाऱ्या यंत्रणेत, आधी रुळला आणि मग आयफोन ४ मध्ये आला. आज हात थरथरत असतानाही फोटो स्पष्ट येतो त्यात त्याचा मोठा वाटा आहे. कॅमेऱ्याचं भिंग हाताच्या उलट दिशेला किती सरकवायचं, हे तोच सांगतो.

आता ठशाकडे वळू. इथे गोष्ट फार मागे जाते आणि ती बंगालमध्ये सुरू होते. १८५८ मध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी रस्त्याच्या सामानाचा करार केला आणि सहीच्या जागी त्याच्या उजव्या हाताचा अख्खा पंजा उमटवून घेतला. माणूस ओळखणं हा हर्शेलचा हेतू नव्हता. ‘ही सही माझी नव्हेच’ असं उद्या कोनाईला म्हणता येऊ नये, एवढाच होता. ठसे वर्षानुवर्षं बदलत नाहीत हे हर्शेलच्या नंतर लक्षात आलं, आणि १८७७ मध्ये हुगळीला त्याने पेन्शन घेणाऱ्यांसाठी आणि दस्तनोंदणीसाठी ते वापरात आणले. गुन्हेगार शोधायला ठसे वापरावेत हे हेन्री फॉल्ड्स या डॉक्टरने १८८० मध्ये तोक्योहून लिहिलं.

मोठी अडचण पुढेच होती. हजारो कागदांतून जुळणारा ठसा काढायचा कसा? कलकत्त्यात बंगालचा पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली काम करणाऱ्या अझीझुल हक यांनी ती सोडवली. दहा बोटांपैकी कोणत्या बोटांवर चक्र आहे, एवढ्यावरून १,०२४ खणांची मांडणी त्यांनी बसवली. हेमचंद्र बोस यांनी त्या पद्धतीत पुढे भर घातली. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं पहिलं कार्यालय सुरू झालं आणि १९०१ मध्ये स्कॉटलंड यार्डने ती पद्धत उचलली. पद्धतीला नाव मात्र हेन्रीचं पडलं. हक आणि बोस या दोघांची नावं जितक्या वेळा घेता येतील तितक्या वेळा घ्यावीत असं मला मनापासून वाटतं.

फोनमधला सर्वांत रुळलेला ठशाचा सेन्सर आणि ॲक्सेलरोमीटर आतून सख्खे भाऊ आहेत. दोघंही कपॅसिटन्सच मोजतात. बोट ठेवलं की कातडीच्या उंच रेषा काचेला चिकटतात, मधल्या खोबणीत हवा राहते, आणि या अंतरातल्या फरकावरून हजारो टिंबांचं चित्र तयार होतं. २०१३ च्या आयफोन ५एस मधला सेन्सर इंचाला ५०० टिंबं वाचायचा. पोलिसांच्या नोंदींसाठी ठरलेलं मानकही तेवढंच आहे. पुढे पडद्याखाली बसणारे, प्रकाशाने किंवा अल्ट्रासाउंडने ठसा वाचणारे सेन्सर आले. तत्त्व बदललं तरी काम तेच राहिलं.

ते तसंच राहायला हवं होतं असं नाही. २००४ मधल्या पॅनटेक जीआय१०० या कोरियन फोनवर वेगवेगळ्या बोटांना वेगवेगळे नंबर नेमून देता येत. बोट टेकवलं की त्या माणसाला फोन लागायचा. एचटीसीच्या वन मॅक्समध्ये, २०१३ साली, तीन बोटांनी तीन वेगळी ॲप उघडता यायची. किती कामाची कल्पना! डोळ्यांनी अधू माणसाला मेन्यू न चाचपडता करंगळीने मुलाला आणि अंगठ्याने डॉक्टरला फोन लावता आला तर आणखी काय हवं? पण त्याच वन मॅक्समध्ये ठशाचं चित्र साध्या फाइलमध्ये, कोणत्याही ॲपला वाचता येईल असं पडून राहत असल्याचं संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही.

ॲपलने सुरुवातीपासूनच दुसरा रस्ता धरला होता. ठशाचं चित्र साठवायचंच नाही, त्यावरून काढलेली गणिती नोंद प्रोसेसरच्या आतल्या बंद कप्प्यात ठेवायची. पहिलं वर्षभर बाहेरच्या ॲपना सेन्सर वापरूच दिला नाही. २०१४ मध्ये दिला तोही फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्या उत्तरापुरता. अँड्रॉइडने २०१५ मध्ये अशीच सोय सर्व कंपन्यांसाठी आखून दिली. कोणतं बोट लागलं हे ॲपला कळत नाही, त्यामुळे बोटागणिक वेगळं काम ही कल्पना तिथेच खुंटली. मला तिची हळहळ वाटते, तरी निर्णय बरोबर होता असंच म्हणेन. तसं हे कुलूपही अभेद्य नाहीच. आयफोन ५एस बाजारात येऊन आठवडा व्हायच्या आत जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेने काचेवरच्या ठशाचा फोटो काढून, त्यावरून नकली कातडी करून तो उघडून दाखवला होता.

रोजच्या वापरातली खरी कुरकुर वेगळीच असते. माझ्या आईचा फोन तिचा अंगठा सकाळी ओळखतो आणि दुपारी नाकारतो. दिवसभर पाण्यात हात असले की बोटांची टोकं सुरकुततात, आणि वर्षानुवर्षांच्या कामाने रेषा मुळातच झिजलेल्या असतात. तिचा तोच अंगठा आम्ही दोनदा नोंदवला, एकदा कोरडा असताना आणि एकदा भांडी धुऊन झाल्यावर लगेच. तेव्हापासून नकार बरेच कमी झाले. कॅन्सरवरच्या कॅपेसिटाबिन या औषधाने तर काही रुग्णांचे ठसे पुसटही होतात. अशा कोणाच्या फोनवर ठसा ही एकमेव किल्ली ठेवू नये.

उघडं दार ठेवण्याची किंमत हालचालीच्या सेन्सरनेही मोजली. टेबलावर कीबोर्डशेजारी ठेवलेला फोन नुसत्या कंपनांवरून काय टाइप होतंय याचा अंदाज बांधू शकतो, हे अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं. २०१४ मध्ये स्टॅनफर्डमध्ये जायरोस्कोपच्या आकड्यांतून बोलण्याच्या खुणा काढून झाल्या. मग हळूहळू दार ओढून घेतलं गेलं. २०१९ पासून आयफोनवरच्या वेबसाइटना हे आकडे आपसूक मिळेनासे झाले, आणि अँड्रॉइड १२ ने सेकंदाला २०० पेक्षा जास्त नोंदी हव्या असतील तर ॲपला वेगळी परवानगी जाहीर करणं भाग पाडलं.

तरीही दार बंद झालं नाही याचा मला आनंद आहे, कारण सर्वांत मोलाचे उपयोग उशिरा आले. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या ‘मायशेक’ या ॲपने २०१६ मध्ये फोनचा भूकंपमापक केला. गुगलने २०२० पासून हीच कल्पना अँड्रॉइड फोनमध्ये घातली. निवांत पडलेले शेकडो फोन एकाच वेळी थरथरले, तर कंपनं पोचायच्या आधी दूरच्या लोकांना काही सेकंद मिळतात. २०२२ च्या आयफोन १४ मधला ॲक्सेलरोमीटर २५६ जीपर्यंतचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २५६ पट, धक्का मोजतो आणि अपघात झाला असं वाटलं तर तो आयफोन आपणहून मदतीला फोन लावतो. त्याने रोलर कोस्टरवर बसलेल्यांसाठीही आणीबाणीचे फोन लावले आहेत. हा सेन्सर फक्त धक्का मोजतो. त्या धक्क्याचा अर्थ प्रोग्राम लावतो आणि चूक तिथेच होते.

२०२४ मध्ये अँड्रॉइडने दोन्ही भावांना एकाच कामाला जुंपलं. हातातून फोन हिसकावून कोणी पळालं किंवा वाहनावरून निघून गेलं, तर तो हिसका आणि त्यामागची धाव हालचालीचा सेन्सर टिपतो आणि पडदा तत्क्षणी बंद करतो. पुन्हा उघडायला मालकाचं बोट किंवा त्याचा पिन लागतो. सेटिंगमध्ये चोरीपासून संरक्षणाच्या भागात ही सोय असते. आईच्या फोनवर ती मी सुरू करून ठेवली आहे.