वाकडे तोंड आणि दहावा घास

नऊ महिन्यांच्या बाळाला उकडून कुस्करलेल्या लाल भोपळ्याचा पहिला घास भरवला, की ते कपाळाला आठ्या घालते, ओठ मुडपते आणि जिभेने घास बाहेर ढकलते. ‘याला भोपळा चालत नाही’ असा निकाल तिथल्या तिथे लागतो आणि पुढे वर्षानुवर्षे घरात पाळला जातो. लहान मुलांच्या खाण्यात किती तऱ्हेचे पदार्थ येतात, हे ठरवण्यात या निकालाचा वाटा बराच मोठा आहे. तो केवळ उतावळेपणाने लागतो असे मात्र नाही. त्यामागे पुष्कळदा व्यवहारी हिशेब असतो.

विविधता कशी मोजतात, ते आधी पाहू. 6 ते 23 महिने वयाच्या बालकांसाठी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी अन्नाचे 8 गट केले आहेत: आईचे दूध, धान्ये व कंदमुळे, कडधान्ये व तेलबिया, दूध व दुधाचे पदार्थ, मांस व मासे, अंडी, ‘अ’ जीवनसत्त्वाने समृद्ध फळे व भाज्या, आणि इतर फळे व भाज्या. आदल्या दिवशी यांपैकी किमान 5 गटांतले काही तरी पोटात गेले असेल, तर आहारात किमान विविधता आहे असे धरतात. मऊ भात, वरण आणि आईचे दूध हा आपल्याकडचा ठरलेला बेत या कसोटीवर 3 गटांपाशी थांबतो. भातात बटाटा कुस्करला तरी आकडा हलत नाही, कारण बटाटा धान्यांच्याच गटात बसतो. वरून सोडलेले तूपही दुधाच्या गटात धरत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातील या वयाच्या बालकांपैकी सुमारे 11 टक्के बालकांनाच विविधता आणि जेवणाच्या वेळा या दोन्ही दृष्टींनी किमान पुरेसा आहार मिळत असल्याचे आढळले.

चवीची ओळख उष्टावणाच्या कितीतरी आधी सुरू होते. चव आणि वासाचा अभ्यास करणाऱ्या फिलाडेल्फियातील मोनेल संस्थेच्या ज्युली मेनेला यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही स्त्रियांनी गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत, तर काहींनी बाळंतपणानंतर स्तनपानाच्या काळात नियमाने गाजराचा रस घेतला होता. या दोन्ही गटांतल्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीची पेज खाताना, साध्या पेजेच्या मानाने, कमी वेळा तोंड वाकडे केले; ज्यांच्या आयांनी नुसते पाणी घेतले होते त्या बाळांत असा फरक दिसला नाही. आईच्या खाण्यातले स्वाद गर्भजलात आणि दुधात उतरतात ते असे. आपल्याकडे बाळंतिणीच्या पथ्याच्या नावाखाली कित्येक भाज्या आठवडेच्या आठवडे वर्ज्य होतात. त्यामुळे बाळाच्या ओळखीचे स्वादही तेवढे कमी होत असावेत, असे मानायला जागा आहे.

दुसऱ्या वर्षाच्या सुमारास मात्र, सहा महिन्यांपूर्वी सगळे खाणारे मूल अचानक नवा पदार्थ पाहूनच मान फिरवू लागते. नव्या अन्नाविषयीची ही धास्ती साधारण 2 ते 6 वर्षांच्या दरम्यान सर्वाधिक असते. चालायला लागलेले मूल आईच्या नजरेआड काहीही तोंडात घालू शकते, तेव्हा अनोळखी वनस्पतीला बिचकणे त्याच्या जिवाला राखणारे ठरले असावे, असे या धास्तीचे एक स्पष्टीकरण देतात. ब्रिटनमध्ये 8 ते 11 वर्षांच्या 5,000 हून अधिक जुळ्या जोड्यांच्या पाहणीत (2007) मुलामुलांमधील या धास्तीच्या फरकाचा सुमारे 78 टक्के भाग आनुवंशिक असल्याचे दिसले. ‘लाडावून ठेवलंय’ असे आईला सुनावणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

आनुवंशिक असले, तरी ते अटळ नसते. तोच पदार्थ 8 ते 15 वेळा, थोडा थोडा आणि जबरदस्ती न करता पुढे ठेवला, की बहुतेक मुले तो स्वीकारू लागतात, हे अनेक प्रयोगांतून दिसले आहे. मेनेला आणि कॅथरीन फॉरेस्टेल यांनी 2007 मध्ये बाळांना सलग 8 दिवस शेंगभाजीचा लगदा भरवला आणि त्यांतल्या काहींना पाठोपाठ पीच हे गोड फळही दिले. शेवटी सगळीच बाळे तो पहिल्यापेक्षा जास्त खाऊ लागली. पण ज्यांना पीच दिले नव्हते, त्यांचे चेहरे पूर्वीइतकेच वाकडे होत राहिले. म्हणजे पोटाने भाजी स्वीकारली होती, चेहऱ्याला ते कळवायचे राहिले होते! आया मात्र चेहराच वाचतात: अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत बहुतेकींनी 3 ते 5 वेळा देऊन पाहिल्यावर ‘आवडत नाही’ असे ठरवून टाकले होते.

पण दहावा घास देऊन पाहायचा, तर आधीचे नऊ वाया जाऊ देण्याची ऐपत लागते. समाजशास्त्रज्ञ केटलिन डॅनियल यांनी बॉस्टन परिसरातील कुटुंबांचा अभ्यास करून 2016 मध्ये नेमके हेच मांडले: कमी उत्पन्नाचे पालक मुले नाकारतील असे पदार्थ विकत घेणेच टाळतात, कारण टाकून दिलेल्या अन्नाची भरपाई करायला त्यांच्याकडे पैसे नसतात. खात्यापित्या घरात मुलाने ढकललेली वाटी दुसरे कोणी तरी संपवते, किंवा ती फ्रिजमध्ये जाते. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने मुलासाठी आणलेले एक अंडे त्याने थुंकून टाकले, तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भात-वरणच पुढे करते. तिच्या जागी कोणीही तेच करील.

घासाचा पोतही महत्त्वाचा असतो. सगळे मिक्सरमधून गुळगुळीत करून देण्याची सवय लांबली, तर ती नडते. इंग्लंडमधील एव्हॉन भागातल्या पाहणीत नऊ महिन्यांनंतर प्रथम गुठळीदार अन्न मिळालेली मुले सातव्या वर्षीही कित्येक भाज्या आणि फळे कमी खात होती.

आणि शेजारी कोण बसले आहे, हेही मूल पाहतच असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिअन बर्च यांनी 1980 मध्ये एका भाजीची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना, दुसरी भाजी आवडणाऱ्या सवंगड्यांच्या टेबलावर जेवायला बसवले, तेव्हा काही दिवसांतच ही मुलेही दुसरी भाजी निवडू लागली. अंगणवाडीच्या पंगतीत हेच घडण्याची सोय आपोआप असते. राज्याच्या आदिवासी भागांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून बालकांना अंडी आणि अंडी न खाणाऱ्यांना केळी दिली जातात. तिथे एखाद्या पोराने अंडे नुसते चिवडून ठेवले, तरी त्याचा खर्च त्याच्या आईच्या मजुरीतून जात नाही, शेजारची पोरगी तेच अंडे मिटक्या मारत खात असते, आणि पुढच्या खेपेला ते पुन्हा त्याच्या ताटलीत येते.