वाट वळते, बाळही वळतं

कासार बांगड्या भरताना कधी जवळून पाहिलंय? आधी तो पंजा हातात घेऊन चोळतो, अंगठा तळहातात दुमडतो, बोटांची मुळं एकमेकांवर दाबतो आणि मग बांगडी किंचित फिरवत वर चढवतो. सरळ रेटली तर बांगडी फुटायची. बाळाचं डोकं आईच्या कटीरातून, म्हणजे कंबरेखालच्या हाडांच्या कड्यातून, बाहेर येतं ते याच रीतीने. फक्त इथे बाहेरचा कासार नसतो. कळा, आईचे स्नायू आणि बाळाची मान मिळून ते काम करतात.

कटीराची वाट सगळीकडे सारखी नसते. वरच्या तोंडाशी ती आडवी रुंद असते: डावीकडून उजवीकडे साधारण 13 सेंटीमीटर, पुढून मागे 11. खालच्या तोंडाशी नेमकं उलट. तिथे आडवी 11 आणि माकडहाड मागे सरकलं की पुढून मागे 13. बाळाचं डोकंही चेंडूसारखं गोल नाही, ते कपाळापासून मागे लांबट असतं. म्हणून बहुतेक बाळं आत शिरताना आईच्या एका कुशीकडे तोंड करून शिरतात आणि बाहेर पडताना आईच्या पाठीकडे तोंड करून पडतात.

बाळाला हे वळण देतं कोण? कटीराच्या तळाशी स्नायूंची उतरती पन्हळ असते, पुढच्या बाजूला कललेली. डोक्याचा जो भाग सर्वांत आधी तिथे टेकतो तो उतारावरून पुढे सरकतो. हनुवटी छातीला चिकटलेली असेल तर आधी टेकते ती डोक्याची मागची बाजू, आणि सगळं सुरळीत होतं. त्या हनुवटीवर फार काही अवलंबून आहे. मान पूर्ण वाकलेली असेल तर वाटेत येणारी डोक्याची रुंदी साडेनऊ सेंटीमीटरच्या आसपास असते. मान सरळ राहिली की तीच साडेअकरापर्यंत जाते, आणि भुवयांचा भाग पुढे आला तर तेराच्याही वर. पूर्ण दिवसांचं बाळ त्या अवस्थेत सहसा खाली उतरूच शकत नाही.

हे सगळं आत, नजरेआड चाललेलं असतं. तरी तपासणाऱ्या बोटाला ते कळतं. पिशवीचं तोंड उघडत गेलं की बाळाच्या कवटीवरच्या फटी बोटाला लागतात, कारण ती हाडं अजून सांधलेली नसतात. तीन फटी मिळतात तो लहानसा त्रिकोण म्हणजे मागची टाळू. चार फटी मिळतात तो पतंगाच्या आकाराचा मऊ भाग म्हणजे पुढची. त्रिकोण सहज लागला तर मान छान वाकली आहे. तो आईच्या पोटाच्या बाजूला लागला तर बाळ नीट वळलं आहे. बाळंतपणातली ही मला सर्वांत देखणी विद्या वाटते.

मग डोक्याची मागची बाजू कटीराच्या पुढच्या हाडाच्या कमानीखालून निसटते आणि इतका वेळ वाकलेली मान आता उचलली जाते. आधी कपाळ, मग नाक, मग हनुवटी. डोकं बाहेर आलं की आपसूक आईच्या मांडीकडे वळतं, कारण आत खांदेही आता वळत असतात. पुढचा खांदा कमानीखालून सुटला की बाकीचं अंग सरकन येतं.

काही बाळं आईच्या पोटाकडे तोंड करून उतरतात. अशा बाळंतपणात कळा कंबरेत जास्त जाणवतात आणि वेळही लागतो, पण यातली बहुतेक बाळं वाटेत वळतात. पायाळू, म्हणजे पाय किंवा कुल्ले खाली असलेली बाळं पूर्ण दिवसांत शंभरात तीन-चार असतात. त्यांचं डोकं, म्हणजे सर्वांत मोठा भाग, शेवटी येतो. म्हणून शेवटच्या महिन्यात हे कळणं महत्त्वाचं, आणि पोटावरून हलक्या हाताने बाळ फिरवून पाहायचं की नाही हे तज्ज्ञ डॉक्टरांनीच ठरवायचं. आडवं बाळ मात्र तसंच राहिलं तर सिझरशिवाय इलाज नाही.

कळा सुरू झालेल्या बाईला काही कारण नसताना उताणं झोपवून ठेवणं मला पटत नाही. चालणं, बसणं, उभं राहणं यांमुळे बाळंतपणाचा पहिला टप्पा सरासरी तासाभराने कमी होतो असं अभ्यासांतून दिसलंय. उताणं झोपलं की माकडहाडाला मागे सरकायला जागाही कमी मिळते. तिला जसं बरं वाटतं तसं तिला राहू द्यावं, जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला तोच आहे.

जन्मलेल्या बाळाचं डोकं लांबुडकं दिसलं की घरची माणसं घाबरतात. कवटीची हाडं वाटेत एकमेकांवर चढलेली असतात, कासाराने दाबलेल्या बोटांसारखी. काही दिवसांत ती आपोआप जागेवर येतात, त्यासाठी डोकं दाबून गोल करायची गरज नसते. मागची टाळू दोन-तीन महिन्यांत मिटते. पुढची बहुधा दीड वर्षापर्यंत उघडी राहते, आणि आजी तेल घालते तेव्हा तिच्या बोटांखाली हळूच उडत असते.