खोडरबर पट्टीला का चिकटतं आणि डॉल्फिनचा त्यात काय संबंध

परवा भाचीचा कंपास उघडला तर खोडरबर प्लास्टिकच्या पट्टीला चिकटून बसलेलं. ओढून काढलं तर पट्टीवर रबराच्या आकाराचा खड्डा आणि ७ ते १० सेंटीमीटरचे आकडे गायब. ती म्हणाली, मामा उन्हाने वितळलं. म्हटलं ऊन नव्हे गं, रबराने पट्टी खाल्ली.

ही पांढरी खोडरबरं बऱ्याचदा रबराची नसतातच, पीव्हीसीची असतात. पीव्हीसी मुळात कडक, आपल्या नळाच्या पाइपासारखं, मग त्याला मऊ करायला तेलासारखं एक केमिकल घालतात, प्लास्टिसायझर, आणि गंमत अशी की ते प्लास्टिकला पक्कं जोडलेलं नसतं, नुसतं आत शिरून बसलेलं असतं, गर्दीच्या बसमध्ये दोन सीटच्या मधे कोणी उभं राहावं तसं, जागा मिळाली की उतरणार. इथे ते पट्टीत उतरलं. जुना रेक्झिनचा सोफा कडक होऊन तडकतो किंवा टेबलावरचं प्लास्टिकचं कव्हर काही वर्षांनी चिकचिकीत लागतं, ते पण हेच. डॉल्फिनचा सगळा किस्सा इथून सुरू होतो, कारण आपल्या डोक्यात चित्र असतं की डॉल्फिनने झबलं गिळलं (आम्ही बडोद्याचे लोक कॅरीबॅगला झबलंच म्हणतो) आणि मेला. तसंही होतं. पण केमिकल शरीरात जायला झबलं गिळावं लागत नाही.

२०१८ साली बातमी आली ती फ्लोरिडाच्या सारासोटा खाडीतली. तिथे १९७० पासून संशोधक त्याच त्या डॉल्फिनच्या कुटुंबांवर लक्ष ठेवून आहेत, साठी ओलांडलेल्या आज्या पण दिसल्यात त्यात. २०१६-१७ मध्ये तिथल्या १७ बॉटलनोज डॉल्फिनना पकडून, तपासणी करून परत सोडताना लघवीचे नमुने घेतले आणि ७१ टक्के जणांच्या लघवीत थॅलेटचे अंश सापडले. थॅलेट म्हणजे तेच मऊ करणारं केमिकल, त्याची बरीच भावंडं आहेत, काही प्लास्टिकमध्ये जातात आणि काही सेंट, शाम्पू, क्रीममध्ये. शरीर थॅलेट फोडून लघवीवाटे पटकन बाहेर टाकतं, त्यामुळे लघवीत सापडलं याचा अर्थ हल्लीच आत गेलंय, आणि रोज जात असेल तर रोज सापडणार. हार्मोनच्या कामात लुडबुड करणारं म्हणून हे केमिकल बदनाम आहे, विशेषतः नराच्या बाबतीत.

पण हे २०१८ ला उगवलेलं नाही, मूळ बरंच जुनं आहे. १८७० च्या आसपास अमेरिकेत सेल्युलॉइड आलं, बिलियर्डचे बॉल हस्तिदंताचे करायचे त्याला पर्याय म्हणून, आणि ते मऊ करायला काय घालायचे तर कापूर! देव्हाऱ्यात जळतो तो. पण कापूर उडून जातो, हे आपल्याला कोणी सांगायला नको, म्हणून न उडणारं काहीतरी शोधणं चालू होतं आणि १९२० च्या दशकात थॅलेट आले. १९२६ मध्ये गुडरिच या टायरच्या कंपनीतला केमिस्ट वॉल्डो सेमन भलतंच काही करायला गेला होता, रबर धातूला चिकटवायचं होतं त्याला, पण पीव्हीसी एका द्रावणात गरम केलं तर रबरासारखं लवचिक काहीतरी तयार झालं. रेनकोट, पडदे, वायरी, चपला, बाहुल्या सगळं त्याच्या मागून आलं.

त्याच सुमारास, १९२९ ला, अमेरिकेत पीसीबी नावाचं तेलकट, क्लोरीनवालं केमिकल बाजारात आलं. मुख्य उपयोग ट्रान्सफॉर्मरच्या तेलात, पण रंग, सीलंट, केबलचं वेष्टण, प्लास्टिक यातही घालायचे. पुढे १९६० च्या दशकात सोरेन येन्सन हा स्वीडनचा केमिस्ट डीडीटी शोधत होता आणि मशीनच्या कागदावर त्याला ओळखू न येणारी टोकं दिसायला लागली. मासे, गरुड, सगळ्यात तीच टोकं, आणि १९६६ मध्ये त्याने जाहीर केलं की ती पीसीबीची. म्युझियममध्ये जपून ठेवलेली पिसं काढून तपासली, स्वतःच्या घरच्यांचे केस तपासले तर त्यात पण, अगदी तान्ह्या मुलीच्या केसात सुद्धा. तिच्यात आईच्या दुधातून आलं असणार असा त्याचा अंदाज होता. नंतर सारासोटाच्या डॉल्फिनमध्ये हेच दिसलं, नरात पीसीबी वयाबरोबर वाढत जातं आणि मादीत पिल्लं झाली की कमी होतं, कारण ते चरबीत साठतं आणि आईचं दूध चरबीदार, म्हणजे पहिलं पिल्लू आईच्या आयुष्यभराची उधारी एकदम फेडतं. पहिली पिल्लं जास्त का दगावतात याच्या कारणांत हे पण धरतात. थॅलेट आणि पीसीबी यातला फरक इथे आहे, एक पाहुणा येतो-जातो आणि दुसरा घरजावई. अमेरिकेने १९७९ ला पीसीबी बंद केलं, अशी न मोडणारी केमिकल जगभर बंद करायचा स्टॉकहोम करार २००१ मध्ये झाला, तरी २०१६ मध्ये युरोपच्या डॉल्फिन आणि ओर्कांचे रिपोर्ट आले त्यात पीसीबी भरपूर होतंच.

मधे एक गोष्ट राहून गेली जी प्लास्टिकच्या संदर्भात सहसा कोणी सांगत नाही. जपानचं मिनामाटा सगळ्यांना पारा म्हणून माहीत आहे, १९५६ मध्ये आजार उघड झाला, मांजरं वेड्यासारखी फिरून समुद्रात पडायची वगैरे. पण चिसो कंपनी तो पारा कशाला वापरत होती? ॲसिटाल्डिहाइड करायला, त्यापासून ऑक्टॅनॉल, आणि ऑक्टॅनॉलपासून डीओपी, म्हणजे आपल्याकडे व्यापारी ज्याला आजही डीओपीच म्हणतात ते पीव्हीसी मऊ करायचं थॅलेट. प्लास्टिकला मागणी वाढली तसं ॲसिटाल्डिहाइड वाढलं आणि खाडीत पारा पण वाढला. १९६८ पर्यंत चाललं ते. म्हणजे रेनकोट मऊ हवा म्हणून लोक मेले असं म्हटलं तर टोकाचं वाटेल, पण साखळी तीच आहे.

माणसाचं लक्ष मात्र गेलं ते १९७० मध्ये, जेव्हा अमेरिकेत दोन संशोधकांनी दाखवलं की रक्ताच्या प्लास्टिक पिशवीतून थॅलेट रक्तात उतरतं. मग खेळण्यांतल्या काही थॅलेटवर बंदी, युरोपात १९९९ ला तात्पुरती आणि २००५ ला कायमची, अमेरिकेत २००८. हे कायदे लहान मुलांच्या वस्तूंचे. समुद्राचं नाव नाही.

समुद्रात प्लास्टिकचे बारीक कण १९७२ मध्येच सार्गासो समुद्रात मोजले होते, मायक्रोप्लास्टिक हा शब्द २००४ पासून रुळला, आणि २००१ मध्ये जपानी लोकांनी दाखवलं की प्लास्टिकचे दाणे आजूबाजूच्या पाण्यातलं पीसीबी स्वतःवर ओढून घेतात. म्हणजे कण स्वतःचं केमिकल सोडतो आणि दुसऱ्याचं गोळा करतो. २०२४ मध्ये तर ११ डॉल्फिनच्या उच्छ्वासावर डिश धरली आणि प्रत्येकात किमान एक तरी संशयित कण निघाला, त्यात पॉलिएस्टरचे पण. आपल्या साड्या-शर्ट ज्याचे असतात तेच.

आपल्याकडे बंगालच्या उपसागरातल्या डॉल्फिनमधलं डीडीटी आणि पीसीबी १९९३ मध्ये आणि गंगेतल्यांचं १९९४ मध्ये छापून आलं, जपानी आणि भारतीय संशोधकांनी मिळून केलेलं काम. गुजरात-कोकणच्या किनाऱ्याला जो असतो तो हंपबॅक, पाठीवर उंचवटा असलेला, कोकणात लोक डॉल्फिनला गादा म्हणतात. हा किनारा सोडून लांब जात नाही, उथळ पाणी आणि नदीची मुखं ही त्याची जागा, आणि पीसीबी, डीओपी यांना पाणी आवडत नाही, ती गाळाला चिकटतात. खंभातच्या आखातात तर गाळच गाळ, चहासारखं पाणी, आणि भरती-ओहोटीचा फरक १० मीटरच्या आसपास, त्यामुळे तो गाळ दिवसातून दोनदा ढवळला जातो. आखाताच्या पलीकडच्या काठावर अलंग आहे, १९८३ पासून जहाजं तोडतात, आणि जुन्या जहाजांच्या रंगात आणि केबलमध्ये पीसीबी असायचंच.

त्याच १९८३ मध्ये बडोद्याच्या कारखान्यांचं सांडपाणी नेणारं चॅनल सुरू झालं, साधारण ५५ किलोमीटर, पादऱ्याकडून सारोदपर्यंत, जिथे मही आखाताला मिळते. आयपीसीएल ही सरकारी पेट्रोकेमिकल कंपनी १९६९ मध्ये आली तेव्हा दांडियाबाजारातल्या अर्ध्या घरांत कोणी ना कोणी तिथे लागलं होतं, माझे काका पण, प्लास्टिकनेच त्यांच्या दोन मुली शिकवल्या, त्यामुळे प्लास्टिकला नुसत्या शिव्या घालणं मला जमत नाही. मंगळबाजारातून उडालेलं झबलं मात्र चॅनलने जात नाही, ते विश्वामित्रीत, मगरींच्या अंगावरून, मग ढाढर आणि मग त्याच आखातात.

आणि त्याच महीच्या मुखाशी १९४४ मध्ये एक ब्लू व्हेल वाहून आला होता. कमाटीबागेच्या म्युझियममध्ये त्याचा सांगाडा आहे, २२ मीटरचा, लहानपणी प्रत्येकाने त्याच्या फासळ्या मोजल्यात. तेव्हा इथे ना चॅनल होतं ना आयपीसीएल, झबल्याऐवजी लोक कापडी पिशवी घेऊन खंडेराव मार्केटला जायचे. येन्सनसारखं जुनं काही तपासायचं म्हटलं तर आपल्याकडे फक्त हाडं आहेत, चरबी कोण ठेवतं.

रविवारी भाचीला तो सांगाडा दाखवायला नेणार आहे. जाता जाता नवी पट्टी पण घ्यायची आहे, तिला लाकडी नको म्हणते, ट्रान्सपरंटच हवी.