फोटो किती सेकंद थांबणार? स्लाइडशो रीलमागची जुनी गोष्ट

वाढदिवस असो, बाप्पाचं आगमन असो, नाहीतर रविवारी गड चढून आलेला ग्रुप असो, दहा-बारा फोटो घ्यायचे, खाली गाणं टाकायचं, बीटवर कट मारायचे की झाला व्हिडिओ. हे सगळं टिकटॉकने आणलं असं लोक बिनधास्त सांगतात, पण त्यातलं जवळपास सगळंच टिकटॉकच्या कितीतरी आधीचं आहे. एक फोटो विरघळत दुसऱ्यात जाणं, स्थिर चित्रावर हळूहळू झूम, मागे संगीत, अगदी "फोटो हलवून" दाखवायची हौससुद्धा. दरवेळी बदलत गेली ती एकच गोष्ट: फोटो पडद्यावर किती वेळ राहणार हे ठरवायचं कुणी. ते धरून मागे गेलं की हा सगळा इतिहास नीट लागतो.

सुरुवात कंदिलापासून. १६५९ च्या आसपास क्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने मॅजिक लँटर्न बनवला, म्हणजे काचेवर रंगवलेलं चित्र, मागे दिवा, पुढे भिंग, आणि समोर भिंतीवर मोठी प्रतिमा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये दोन कंदील एकाच पडद्यावर रोखून एकाचा प्रकाश कमी करत दुसऱ्याचा वाढवायची युक्ती निघाली, उन्हाळ्याचं दृश्य बघता बघता बर्फाळ व्हायचं आणि लोक थक्क व्हायचे. आज एडिटिंग अ‍ॅपमध्ये दोन फोटोंच्या मधल्या छोट्या चौकोनावर टॅप करून जे डिझॉल्व्ह टाकतो ना, ते हेच.

आणि आपल्याला तर याचा अभिमान असायला हवा, कारण कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी आपल्या मुलांना सोबत घेऊन हाच कंदील घेतला, पुराणातल्या गोष्टींची चित्रं काचांवर हाताने रंगवली, एकाच पात्राच्या वेगवेगळ्या पोझेसच्या काचा भराभर बदलून पात्र हलल्याचा भास निर्माण केला, सोबत निवेदन आणि संगीत, आणि या खेळाला नाव दिलं शांबरिक खरोलिका. साल १८९२. मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचे चित्रपट दाखवले गेले ते ७ जुलै १८९६ ला, म्हणजे पटवर्धनांचा खेळ त्याच्याही चार वर्षं आधीचा. सिनेमाचा इतिहास सांगताना हे नाव बऱ्याचदा अर्ध्या ओळीत उरकतात, खरं तर स्लाइडशोवाल्यांनी तरी ते भिंतीवर लावायला हवं. या प्रकारच्या खेळात चित्र किती वेळ ठेवायचं हे कंदील चालवणारा आणि गोष्ट सांगणारा मिळून ठरवायचे. प्रसंग रंगला, माणसं हसली, की काच थोडी जास्त वेळ राहणार, त्याला घड्याळ नव्हतं.

नंतर सिनेमा आला तरी काचेची स्लाइड लगेच गेली नाही. तालुक्याच्या थिएटरमध्ये इंटरव्हलला गावातल्या सोनाराची, कापड दुकानाची, सायकल मार्टची स्लाइड लागायची, "शांतता राखा"ची लागायची, ती लावणारा ऑपरेटर काढेपर्यंत जाहिरात पडद्यावर, आणि कधी विसरला की तेच दुकान लोक बराच वेळ बघत बसायचे.

घरगुती बाजूला कोडॅकने १९६१ मध्ये गोल ट्रेचा कॅरोसेल प्रोजेक्टर काढला. ट्रेमध्ये ८० स्लाइड मावायच्या, बटण दाबलं की खट्, पुढची. अमेरिकेत शेजाऱ्यांना बोलावून सुट्टीतले फोटो दाखवणं हा एक छळप्रकारच होऊन बसला. आपल्याकडे प्रोजेक्टर घरोघरी नव्हते, पण गिर्यारोहक, पक्षीवाले, हिमालयात जाऊन आलेले लोक पुण्या-मुंबईत हॉल घेऊन पारदर्शिकांचे, म्हणजे याच स्लाइडचे, कार्यक्रम करायचे, एक जण बोलतोय, दुसरा बटण दाबतोय, आणि "जरा मागची परत दाखवा" असं कुणी म्हटलं की मागची परत यायची. कोडॅकने हे प्रोजेक्टर बनवणं २००४ मध्ये थांबवलं.

आपल्याकडे सामान्य घरात स्लाइडशो शिरला तो मात्र लग्नाच्या कॅसेटमधून. नव्वदच्या दशकात व्हिडिओवाला शूटिंग करून मिक्सिंगला न्यायचा, तिथे व्हिडिओ मिक्सरवर बदामाच्या आकारात नवरा-नवरीचे फोटो, पान उलटल्यासारखे वाइप, गुलाबाच्या पाकळ्या, आणि मागे त्या वर्षीचं गाजलेलं लग्नाचं गाणं. पुढे कॉम्प्युटर आले तसं लग्नाचं एडिटिंग एडियस नावाच्या सॉफ्टवेअरवर गेलं, फोटो चिकटवलेला अल्बम जाऊन छापील पुस्तकासारखा करिज्मा अल्बम आला, पण बदाम काही गेला नाही. आज रीलमध्ये फोटोभोवती जो चमचमता फ्रेमचा भपका दिसतो त्याला कुणी "गावठी" म्हणून हसतं तेव्हा मला गंमत वाटते. तो भपका थेट मिक्सिंगवाल्यांच्या दुकानातून आलाय आणि त्या लोकांना पब्लिकला काय आवडतं ते पक्कं माहीत होतं. इथे फोटोचा वेळ ठरवायचा गाण्याने, कडवं संपेपर्यंत फोटो पुरवायचे, कमी पडले तर तेच परत.

मग घरचा पीसी. पॉवरपॉइंट १९८७ मध्ये आधी मॅकसाठी आलं, त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं, आणि ऑफिससाठी बनलेल्या या सॉफ्टवेअरमधून पुढे ईमेलवर फुलांचे, धबधब्यांचे, सुविचारांचे स्लाइडशो फिरायला लागले. विंडोज मूव्ही मेकर २००० सालचं. फोटो टाइमलाइनवर ओढायचे, खाली गाणं, पाच सेकंदांचा फोटो, एक फेड, कॉलेजच्या निरोप समारंभाचे कितीतरी व्हिडिओ यावरच बनले. ज्यांना जास्त भपका हवा ते प्रोशो वापरायचे, स्टुडिओवाल्यांचं तर ते लाडकं होतं, त्याची कंपनी फोटोडेक्स २०२० च्या सुरुवातीला बंद पडली. इथे पहिल्यांदा असं झालं की फोटोचा वेळ सॉफ्टवेअर आधीच भरून देतं आणि आपण तो बदलायचे कष्ट घेत नाही. सगळे फोटो सारखेच सेकंद. आजीचा एकुलता एक जुना फोटो तेवढाच वेळ आणि पार्किंगमध्ये काढलेला सेल्फीसुद्धा तेवढाच वेळ.

याच काळातली अजून एक गोष्ट, स्थिर फोटोवर हळूहळू सरकणारा कॅमेरा. माहितीपटांत हे तंत्र आधीपासून होतं, पण अमेरिकन दिग्दर्शक केन बर्न्स यांच्या कामामुळे गाजलं, आणि स्टीव्ह जॉब्झने अ‍ॅपलच्या सॉफ्टवेअरमध्ये ते देताना नाव ठेवलं केन बर्न्स इफेक्ट. २००३ पासून मॅकवाल्यांना ते एका क्लिकवर मिळायला लागलं. बर्न्स जुन्या फोटोत आधी एक चेहरा दाखवायचे मग मागची गर्दी उघडायचे, त्यामागे काहीतरी सांगायचं असायचं. सॉफ्टवेअर बिचारं आपलं कुठूनही कुठेही सरकतं, त्यामुळे कपाळावरून सुरू होऊन ट्यूबलाइटवर संपणारे झूम आपण सगळ्यांनी बघितलेत.

आता मोबाइल. इन्स्टाग्रामने जून २०१३ मध्ये व्हिडिओ आणला, मर्यादा १५ सेकंद, आकार चौकोनी. त्याच वर्षी फ्लिपाग्राम नावाचं अ‍ॅप चांगलंच चाललं, फोनमधले फोटो निवडा, गाणं लावा, ते भराभर पलटत जाणार, आणि वर्ष संपताना "माझं हे वर्ष" टाइपचे व्हिडिओ धडाधड पडायला लागले. फोटो जास्त, सेकंद कमी, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धा सेकंद. आजच्या फोटो-रीलचा खरा पूर्वज हाच. २०१७ मध्ये चीनच्या बाइटडान्सने फ्लिपाग्राम विकत घेतलं, त्याच वर्षी गाण्यावर ओठ हलवायचं म्युझिकली हे अॅपही घेतलं, आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये म्युझिकली टिकटॉकमध्ये मिसळून गेलं.

आपल्याकडे गाडी वेगळ्या रस्त्याने गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने स्टेटस आणलं, चोवीस तास दिसणारं, व्हिडिओ ३० सेकंदांचा. त्या ३० सेकंदांनी खेडोपाडी एक नवा उद्योगच उभा केला. शिवजयंती, आंबेडकर जयंती, दादांचा वाढदिवस, आमच्या भावकीतलं लग्न, कुणाची पुण्यतिथी, सगळ्याचं "स्टेटस बनवून दे". फ्लेक्सचं डिझाइन करणारी पोरंच हे काम करायला लागली, कारण फोटो कापून बॅकग्राउंड काढायची सवय त्यांना होतीच, त्यामुळे सुरुवातीची स्टेटसं बघितली तर ती खरं म्हणजे हलणारे फ्लेक्सच होते. हत्यार काइनमास्टर, अँड्रॉइडवर लेयर, म्हणजे एकावर एक थर, टाकून एडिट करायचं अ‍ॅप. फुकट वापरलं की कोपऱ्यात त्याचं नाव यायचं आणि ते नाव घालवण्यासाठी लोक कुठल्या कुठल्या मॉड फाइल, म्हणजे कुणीतरी परस्पर बदललेलं तेच अॅप, डाउनलोड करायचे, फोनमध्ये त्यासोबत काय शिरतंय याचा कुणी विचार करायचं नाही. नंतर अलाइट मोशन हे अॅप आलं आणि कीफ्रेम (कुठल्या क्षणी फोटो कुठे असेल ते ठरवणारी खूण) हा प्रकार दहावी-बारावीच्या पोरांच्या तोंडी आला, यूट्यूबवर मराठीत शिकवणारे तयार झाले, "एक्सएमएल फाइल (म्हणजे तयार एडिटची फाइल) डिस्क्रिप्शनमध्ये दिलीये" हे वाक्य पाठ झालं. ज्या पोरांनी कधी लॅपटॉप उघडला नव्हता ती ईझिंग (हालचालीचा वेग हळूहळू कमी-जास्त करणं) आणि मास्किंगवर (चित्राचा हवा तेवढाच भाग दाखवणं) तावातावाने भांडतात, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात भारी वाटतं.

२०२० ने सगळं हलवलं. मार्चमध्ये लॉकडाउन लागला, नेटवर्कवरचा ताण कमी करायला व्हॉट्सअ‍ॅपने भारतात स्टेटसचा व्हिडिओ ३० वरून १५ सेकंदांवर आणला आणि मे महिन्यात परत ३० केला, त्या मधल्या काळात गाण्याची कुठली ओळ ठेवायची आणि कुठली कापायची यावर एडिटरची परीक्षा. २९ जून २०२० ला ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी आली. सगळ्यांना आठवतं ते टिकटॉक, पण त्याच यादीत व्हिडिओ एडिट करायचं व्हिवा व्हिडिओ होतं आणि व्हीफ्लाय नावाचं फक्त स्टेटस व्हिडिओसाठीचं अ‍ॅपही होतं, म्हणजे बघायचं दुकान बंद झालं तसं बनवायचं सामानही गेलं. सप्टेंबरच्या ११८ अ‍ॅपच्या यादीत फोटो टाकले की तयार व्हिडिओ देणारं एमव्ही मास्टर गेलं. इन्स्टाने लगेच जुलैमध्ये भारतात रील्स सुरू केलं, शेअरचॅटवाल्यांचं मोज आलं, यूट्यूब शॉर्ट्सची पहिली चाचणीही सप्टेंबरमध्ये इथेच झाली. आणि जगभर टेम्प्लेटचा, म्हणजे फक्त फोटो भरायच्या तयार साच्यांचा, धुमाकूळ घालणारं टिकटॉकवाल्यांचंच एडिटिंगचं कॅपकट भारतात अधिकृतपणे नाहीच, म्हणून आपल्याकडे व्हीएन, इनशॉट, अलाइट मोशन अशी वेगळीच पंगत बसली.

रील्समध्ये फोटोचा वेळ पूर्णपणे बीटच्या ताब्यात गेला. हिशेब बघा, १२० बीपीएमचं (मिनिटाला १२० बीट) गाणं असेल तर अर्ध्या सेकंदाला एक बीट, म्हणजे १५ सेकंदांत ३० बीट, दोन बीटला एक फोटो धरला तर १५ फोटो लागणार. सेकंदाला ३० फ्रेमच्या (म्हणजे ३० चित्रांच्या) व्हिडिओत एक बीट बरोबर १५ फ्रेमची, कट चपखल बसतात. पण डीजेचं १२८ बीपीएमचं गाणं घेतलं की एक बीट होते १४.०६ फ्रेमची, आता अर्धी-पाव फ्रेम काही कापता येत नाही, मग प्रत्येक फोटो १४ फ्रेमचा ठेवून कॉपी-पेस्ट मारत गेलात तर १६ बीटनंतर कट एक फ्रेम आधी पडतो, ३२ नंतर दोन. नवीन पोरं म्हणतात "सुरुवातीला बसतंय, शेवटी का हुकतंय", त्याचं कारण बऱ्याचदा हेच. गाण्यावर आधी बीटच्या जागी मार्कर, म्हणजे खुणा, टाकून मग फोटो त्या मार्करपर्यंत ओढले की चूक साठत जात नाही.

गाण्याच्या हक्कांचाही यात हात आहे. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर कुठलंही गाणं कापून लावलं तरी विचारणारं कुणी नव्हतं. सार्वजनिक रीलवर मात्र आवाज म्यूट व्हायला लागले. २०१९ मध्ये फेसबुकने टी-सिरीज, झी म्युझिक, यशराज यांच्याशी करार केले आणि इन्स्टाच्या आतच गाणं निवडायची सोय झाली. त्यामुळे झालं काय, की आधी लोक स्वतः गाणं कापायचे, आता तयार "ऑडिओ" निवडतात, तो कुठून सुरू होणार हे बऱ्याचदा आधी कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं, आणि २०२२ पासून रील टेम्प्लेट आल्यावर तर कटच्या जागासुद्धा दुसऱ्याच्या. आपण फक्त फोटो भरायचे. वेळ वाचतो हे खरं, पण पाच हजार लोकांच्या लग्नाचा फोटो त्याच जागी त्याच झटक्याने झूम होताना बघवत नाही.

आणि मग २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये टिकटॉकने फोटो मोड आणला, गाणं चालू, फोटो स्थिर, पुढे ढकलायचं काम बघणाऱ्याच्या अंगठ्याचं. इन्स्टावर कॅरोसेल (एकाच पोस्टमध्ये सरकवत बघायचे अनेक फोटो) २०१७ पासून होतंच, नावही त्या जुन्या कोडॅकच्या प्रोजेक्टरसारखंच, आधी दहा फोटो, ऑगस्ट २०२४ पासून वीस, मधल्या काळात त्यालाही गाणं लावायची सोय आली. इथे बीटवर कट मारता येत नाही, कारण समोरचा कधी ढकलेल ते तुमच्या हातात नाही. मग सगळा जोर पहिल्या फोटोवर, फोटोंच्या क्रमावर, आणि "पुढे बघा" म्हणायला लावणाऱ्या अर्धवट ओळीवर. फोटोवर बराच मजकूर लिहून गोष्ट सांगायची पद्धत यातूनच फोफावली, कारण वाचायला लागेल तेवढा वेळ वाचणारा आता स्वतःच घेऊ शकतो.

आपल्याकडच्या ऑर्डरी मात्र अजून व्हिडिओच्याच येतात. व्हॉट्सअ‍ॅपने २०२४ मध्ये स्टेटसची मर्यादा एक मिनिट केली, २०२५ मध्ये स्टेटसवरच गाणं लावायची सोय दिली, तरी दादांच्या वाढदिवसाला कार्यकर्त्याचा आदल्या रात्री मेसेज असतोच, चाळीस फोटो पाठवलेत, सगळे घे, तीस सेकंदांत बसव, आणि साहेबांसोबतचा जो आहे तो जरा जास्त वेळ ठेव.