मूलभूत हक्क : सोलापूरच्या संदर्भात

बहुमताने निवडून आलेल्या सरकारलाही सहजी हात लावता येऊ नये, म्हणून राज्यघटनेने ज्यांना संरक्षण दिले ते व्यक्तीचे हक्क म्हणजे मूलभूत हक्क. भारतीय राज्यघटनेच्या भाग ३ मध्ये (अनुच्छेद १२ ते ३५) ते नमूद आहेत. त्यांचा उगम सांगताना १२१५ चा मॅग्ना कार्टा (इंग्लंडच्या राजाने दिलेली सनद), १७८९ चा मानवी हक्कांचा फ्रेंच जाहीरनामा आणि १७९१ च्या दहा अमेरिकी घटनादुरुस्त्या यांची उजळणी होतेच. भारतात मात्र या मागणीला धार आली ती परक्या राजवटीचे चटके बसल्यावर.

५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली. ८ मे रोजी सोलापुरात पोलिसांनी गोळीबार केला, जमाव उसळला आणि पुढचे काही दिवस शहरात इंग्रजी अंमल नावापुरताही राहिला नाही. १२ मे रोजी मार्शल लॉ (लष्करी अंमल) आला, तो जूनअखेरपर्यंत टिकला. हातात तिरंगा किंवा डोक्यावर गांधी टोपी, एवढ्यावरून माणूस गुन्हेगार ठरू लागला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. त्याच वर्षी मार्चमध्ये काँग्रेसच्या कराची अधिवेशनाने भाषण, संघटना आणि सभास्वातंत्र्य यांसह मूलभूत हक्कांचा ठराव केला.

राज्यघटनेने हे हक्क नुसते लिहून ठेवले नाहीत. त्यांच्याशी विसंगत कायदा अनुच्छेद १३ नुसार त्या मर्यादेपर्यंत शून्य ठरतो, आणि दाद मागायला अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालय गाठता येते. सोलापूरकराने अनुच्छेद ३४ ही जरूर वाचावा : मार्शल लॉच्या काळातील कृत्यांबद्दल अधिकाऱ्यांना अभय देण्याची मुभा त्यात संसदेला आहे. मार्शल लॉची शक्यता घटनेने पुसून टाकलेली नाही.

हक्कांच्या सुरुवातीच्या मोठ्या कसोट्यांपैकी एक सोलापूरचीच. शहरात ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १९४९ मध्ये बंद पडली आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून सरकारने कारभार ताब्यात घेतला. पुढे त्याचा कायदा झाला. एकाच कंपनीपुरता कायदा म्हणजे समतेचा भंग, असे म्हणत भागधारक चिरंजीतलाल चौधरी न्यायालयात गेले. डिसेंबर १९५० मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ते हरले : पुरेसे कारण असेल तर एकटी कंपनीही स्वतंत्र वर्ग ठरू शकते, आणि कायदा भेदभाव करतो हे दाखवण्याचा भार तक्रारदारावर असतो. समतेच्या खटल्यांत हा निवाडा आजही आधाराला घेतला जातो.

सरकारचा विजय मात्र टिकला नाही. नव्या संचालकांनी भागांवरील न भरलेली उर्वरित रक्कम मागितली, तेव्हा द्वारकादास श्रीनिवास या दुसऱ्या भागधारकाने दावा लावला. १९५३ मध्ये न्यायालयाने तोच कायदा अवैध ठरवला, कारण भरपाई न देता मालमत्ता काढून घेण्यात आली होती. संसदेने १९५५ मध्ये चौथी घटनादुरुस्ती करून मर्यादित काळासाठी कारभार ताब्यात घेणाऱ्या कायद्यांना संरक्षण दिले. गिरणी कामगाराची रोजी आणि भागधारकाची मालमत्ता यांच्यातल्या या ओढाताणीत भाग ३ तेव्हा उघडपणे मालमत्तेच्या बाजूला झुकलेला होता. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला. तो आता अनुच्छेद ३०० अ खाली साधा घटनात्मक हक्क आहे. त्याच दुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ यांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली.