चौदा दिवसांचा शब्द : कोल्हापूरच्या धंद्यातील विश्वासाची पार्श्वभूमी

गाळप हंगाम तोंडावर आला की जयसिंगपुरात ऊस परिषद भरते, पाठोपाठ रस्ते अडतात, ट्रॅक्टरच्या चाकांतली हवा सोडली जाते. बाहेरच्याला हे दराचं भांडण वाटतं. इथल्या शेतकऱ्याला ठाऊक असतं, की त्यातलं निम्मं हिशोबाचं आहे.

कोल्हापुरात धंदा आणि नेत्याची नियत यांची सांगड जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली, १९०६ मध्ये कापड गिरणी उभी केली. पण मला महत्त्वाचं वाटतं ते भाऊसिंगजी रोडवरचं गंगाराम कांबळे यांचं चहाचं हॉटेल. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक फिरकेना. महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले, सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. नुसता हुकूम काढून हे साधलं नसतं.

पुढे सहकार आला. वारणेत तात्यासाहेब कोरे, पंचगंगा कारखान्यात रत्नाप्पाण्णा कुंभार, अशा माणसांच्या शब्दावर गावंच्या गावं सभासद झाली. यातला पेच मात्र मुळातच होता. ऊस घालणारा शेतकरी हाच मालक, हाच पुरवठादार आणि संचालक निवडून देणारा मतदारही हाच. माणसावरचा विश्वास वारसाहक्कानं पुढच्या पिढीकडे जात नाही. खासगी कारखाने आल्यावर तर मालकीचा धागाही तुटला.

मग नजर गेली कारखान्याच्या वजनकाट्यावर. भरलेली गाडी काट्यावर चढते, ऊस गव्हाणीत, म्हणजे गाळपाला नेणाऱ्या पट्ट्यावर, पडतो, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते आणि दोन वजनांतला फरक चिठ्ठीवर उमटतो. या चिठ्ठीवर वर्षाचं गणित उभं असतं. ‘काटामारी’, म्हणजे वजनातली चोरी, हा शब्द इथे शाळकरी पोरालाही कळतो. हंगामात वजनकाटे तपासायला भरारी पथकं फिरतात.

पैशाचं वेळापत्रक १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानं बांधून दिलं आहे: ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे, उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज. २००९ पासून एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान रास्त दर, आली. व्याज कागदावर असतं. ते न मागता हातात पडल्याचं उदाहरण शोधावं लागेल. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारनं एफआरपी दोन टप्प्यांत द्यायला मुभा दिली. शेतकरी नेते राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये तो निर्णय रद्द झाला. कंपनी म्हणून चालणाऱ्या खासगी कारखान्यांच्या संचालकांनी कर्मचारी आणि समाजाचंही हित पाहावं, असं २०१३ चा कंपनी कायदा सांगतो. पण शेतकऱ्याच्या हाती खरं हत्यार आहे ते या चौदा दिवसांचं.

आता वाद उताऱ्यावर, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्यावर, येऊन ठेपला आहे. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये एफआरपी होती, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३३ रुपयांहून थोडे जास्त. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. काट्यावरचं वजन शेतकरी बाहेरच्या काट्यावर पडताळून पाहू शकतो. उतारा मात्र कारखान्याच्याच प्रयोगशाळेत निघतो, आणि तिथे सभासदाला उभं करायची तयारी किती अध्यक्षांची आहे, हे वार्षिक सभेत कुणीतरी विचारायला हवं.