मांसाहारी माशांना जिवंत मासेच लागतात का?

ऑस्कर, अरोवाना यांसारख्या मांसाहारी माशांना जिवंत गोल्डफिश खाऊ घातले नाहीत तर ते खंगतात, हा समज मत्स्यपालनाच्या छंदात वर्षानुवर्षे टिकून आहे. तो चुकीचा आहे आणि त्यापायी अनेक मासे हकनाक आजारी पडतात.

या माशांना गरज असते ती प्राणिज प्रथिनांची, भक्ष्याच्या हालचालीची नव्हे. गोल्डफिशच्या शरीरात थायामिनेज नावाचे विकर (एन्झाइम) असते, जे ब१ जीवनसत्त्वाचे विघटन करते. त्यामुळे दीर्घकाळ केवळ गोल्डफिशवर पोसलेल्या माशाची भूक मंदावते, पोहताना त्याचा तोल जाऊ लागतो आणि पुढे झटकेही येऊ शकतात. गोठवल्याने हे विकर नष्ट होत नाही. शिवाय खाद्य म्हणून दाटीवाटीने ठेवलेल्या माशांबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पसरवणारे परजीवी टाकीत येतात, हा धोका वेगळाच.

सस्तन प्राण्यांचे मांसही रोज देऊ नये, कारण त्यातील चरबी माशांना नीट पचत नाही.

रोजच्या आहाराचा पाया मत्स्यचूर्णयुक्त दर्जेदार गोळ्यांचा असावा आणि जोडीला आलटूनपालटून गांडुळे, ब्लडवर्म (डासासारख्या कीटकांच्या लाल अळ्या) व कोळंबी द्यावी. जिवंत भक्ष्याला सोकावलेला मासा सुरुवातीला तोंड फिरवतो. अशा वेळी कोळंबीचा तुकडा चिमट्यात धरून त्याच्यासमोर हलकेच हलवावा. निरोगी प्रौढ मासा एक-दोन दिवस उपाशी राहिल्याने दगावत नाही, तेव्हा पालकाने घाबरून माघार घेऊ नये. न खाल्लेला तुकडा मात्र लगेच बाहेर काढावा, अन्यथा तो कुजून पाण्यातील अमोनिया वाढतो.